साठा हलतो, भावही हलतो: मग विम्याची रक्कम किती ठेवायची?

विचारणारे सांगलीचे हळद व्यापारी आहेत. पेढी नुकतीच वडिलांकडून त्यांच्याकडे आली आहे. मार्केट यार्डात एक गोडाऊन आणि कुपवाडला दोन भाड्याची गोडाऊनं. मे महिन्यात साठा चार कोटींच्या घरात जातो, जानेवारीत साठ लाखांवर येतो. आजवर वडील तिन्ही गोडाऊनांवर अंदाजाने वेगवेगळी रक्कम टाकत आले. एजंट म्हणतो, "फ्लोटर डिक्लेरेशन घ्या, जेवढा माल तेवढाच हप्ता." एस्केलेशन क्लॉज टाकून देतो, असंही तो म्हणतो. हे खरं किती आणि आपल्याला काय योग्य, एवढं त्यांना हवं आहे.

मी सव्वीस वर्षं आगीचे आणि पुराचे दावे तपासणारा सर्व्हेअर म्हणून काम करतो आहे. पॉलिसी विकण्याचं काम मी कधी केलं नाही. पॉलिसी माझ्या हातात येते ती माल जळाल्यावर किंवा भिजल्यावर. त्यामुळे माझं उत्तर त्या दिवसापासून मागे जाणारं आहे.

आधी भावाचं बोलू, कारण व्यापारी पोती मोजतात आणि भाव विसरतात. २०२३ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये हळद क्विंटलला ७,००० च्या आसपास होती. ऑगस्टमध्ये वायदेबाजारात ती १५,००० च्या पुढे गेली. समजा एखाद्याने एप्रिलमध्ये ४,००० क्विंटल माल ७,५०० ने घेऊन ठेवला. मालाची किंमत तीन कोटी. त्याने शहाणपणाने थोडं वर धरून साडेतीन कोटींचा विमा घेतला. ऑगस्टपर्यंत एक पोतंही आत आलं नाही, एकही बाहेर गेलं नाही, पण भाव १५,००० झाला आणि तोच माल सहा कोटींचा झाला. आता गोडाऊनच्या एका कोपऱ्याला आग लागली आणि साठ लाखांचा माल गेला, तर मालकाला वाटतं की माझा विमा साडेतीन कोटींचा आहे, साठ लाख तर सहज मिळतील. पण पॉलिसीत सरासरीची अट असते. सहा कोटींच्या मालावर साडेतीन कोटींचा विमा म्हणजे उरलेल्या अडीच कोटींचे विमेदार तुम्ही स्वतः. साठ लाखांना साडेतीनने गुणायचं, सहाने भागायचं. हातात पस्तीस लाख येतात. हा हिशोब गोडाऊनच्या दारात उभं राहून समजावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात जड काम आहे.

एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आल्या आहेत. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, आणि पाच ते पन्नास कोटी असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. या दोन्हींत रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती तूट पाहिली जात नाही. ही सवलत चांगली आहे, पण हळदीसारख्या मालाला ती एखाद्या महिन्याच्या तेजीतच संपते. वरच्या उदाहरणातली तूट चाळीस टक्क्यांच्या वर आहे.

एस्केलेशन क्लॉजचा विषय इथेच संपवतो. तो इमारत आणि यंत्रसामग्रीसाठी आहे. वर्षभरात बांधकामाचा किंवा मशिनरीचा खर्च वाढत जातो म्हणून विम्याची रक्कम ठरलेल्या टक्क्याने दिवसागणिक वाढत राहते. आगीच्या टॅरिफमध्येच, म्हणजे सगळ्या कंपन्यांना पूर्वी लागू असलेल्या दर-नियमांच्या पुस्तकातच, तो साठ्याला लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. हळदीच्या पोत्यांना तो लावतो म्हणणाऱ्याला एकदा तो क्लॉज मोठ्याने वाचायला सांगा.

साठ्यासाठी खऱ्या सोयी दोन आहेत, आणि त्या दोन वेगळ्या दुखण्यांवरच्या आहेत. माल जागा बदलतो त्यासाठी फ्लोटर. माल कमी-जास्त होतो त्यासाठी डिक्लेरेशन. एजंट दोन्ही शब्द एका दमात म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्याला ती एकच गोष्ट वाटते.

फ्लोटर म्हणजे तिन्ही गोडाऊनांवर मिळून एकच रक्कम. आज यार्डात अडीच कोटी आणि कुपवाडला दीड, उद्या उलटं. रक्कम मालामागे फिरते. त्याबद्दल जास्तीचा आकार असतो. टॅरिफच्या नियमाप्रमाणे ज्या गोडाऊनचा दर सगळ्यात जास्त तो सगळ्यांना लावायचा आणि वर दहा टक्के. टॅरिफचे दर जानेवारी २००७ पासून उठले, दर आता कंपनी ठरवते, पण या कलमांची भाषा आणि हिशोबाची रीत बहुतेक ठिकाणी तीच टिकून आहे. तुमच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर कागदावरचा खरा.

फ्लोटरची एक अट मात्र अगदी कडक आहे. यादीत नसलेली जागा धरली जात नाही. सांगलीकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी चढू लागलं की व्यापारी काय करतो? ट्रक बोलावतो आणि माल मिरजेला मेहुण्याच्या गोडाऊनमध्ये नेतो. माल वाचवायची ती धडपड अगदी योग्य असते. पण मेहुण्याचं गोडाऊन पॉलिसीत नाही, आणि वाटेतला ट्रकही आगीच्या पॉलिसीत नाही. ट्रकसाठी माल-वाहतुकीची वेगळी पॉलिसी लागते. तेव्हा मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना, आपण पुरात माल कुठे नेणार हे ठरवून ती जागा यादीत घालून घ्या. वर्षभर ती रिकामी राहिली तरी चालेल. आणि पुराचं कलम पॉलिसीत आहे ना, तेही बघा. वादळ-पुराचा धोका मूळ पॉलिसीत असतो, पण हप्ता कमी करण्यासाठी तो सुरुवातीलाच वगळून घेता येतो. वगळून घेतलेल्या पॉलिसी मी सांगलीत पाहिल्या आहेत, आणि मालकाला ते माहीतही नव्हतं. ज्या गावात हरिपूरची हळदीची पेवं, जमिनीखालची ती कोठारं, २००५ च्या पुरात गेली, तिथे हे व्हायला नको होतं.

आता डिक्लेरेशन. इथे थोडा वेळ घालवू, कारण गैरसमज इथेच आहेत.

वर्षात साठा जास्तीत जास्त जितका चढेल ती रक्कम तुम्ही सुरुवातीला विम्याची म्हणून धरता आणि तिचा पूर्ण हप्ता आधीच भरता. मग दर महिन्याला कंपनीला कळवता की या महिन्यात माझ्याकडे इतका माल होता. हा आकडा रोजच्या सर्वोच्च किमतींची सरासरी असतो किंवा महिन्यातल्या एका दिवसाची सर्वोच्च किंमत. कोणता धरायचा ते पॉलिसीवर लिहिलेलं असतं. तो पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यायचा. वर्ष संपलं की बारा आकड्यांची सरासरी काढतात, तिच्यावर हप्ता मोजतात आणि जास्तीचा परत देतात. टॅरिफमध्ये यासाठी निदान एका जागी एक कोटीची रक्कम लागत असे. थोड्या मुदतीच्या विम्याला, प्रक्रियेत असलेल्या मालाला आणि रेल्वे सायडिंगवरच्या मालाला ही सोय नाही. तुमच्याकडे पॉलिशचं युनिट असेल तर तिथला माल यात धरू नका.

"जेवढा माल तेवढाच हप्ता" हे एजंटचं वाक्य इथे अडतं. परतावा कितीही निघाला तरी एकूण हप्त्याच्या निम्म्याहून जास्त मिळत नाही. आणि फ्लोटर व डिक्लेरेशन एकत्र घेतलं, ज्यासाठी किमान रक्कम दोन कोटी होती, तर कंपनी ऐंशी टक्के हप्ता ठेवूनच घेते.

तुमच्याच आकड्यांवर बघू. सोयीसाठी दर हजाराला दोन रुपये धरतो. तुमचा दर वेगळा असेल. चार कोटींच्या शिखरावर थोडं वर धरून रक्कम पाच कोटी, आणि वर्षाची सरासरी दोन कोटी दहा लाख मानू. एका जागेचं साधं डिक्लेरेशन असतं तर भरलेला हप्ता १,००,००० आणि सरासरीवरचा ४२,०००. फरक ५८,००० निघतो, पण मिळतात ५०,०००. फ्लोटर डिक्लेरेशन घेतलं तर दहा टक्के चढून हप्ता १,१०,०००. सरासरीवरचा ४६,२०० निघाला तरी कंपनी ८८,००० ठेवणार. म्हणजे तुमच्या हाती २२,००० येतात. तीन गोडाऊनांवर तीन वेगळी डिक्लेरेशनं घेतली तर प्रत्येकाची रक्कम त्या त्या गोडाऊनच्या शिखरावर धरावी लागेल. प्रत्येकी तीन कोटी धरले तर १,८०,००० आधी गुंतवायचे, ९०,००० परत आणि महिन्याला तीन कागद. तेव्हा तुमच्या बाबतीत खरा प्रश्न एवढाच उरतो: वर्षाला २२,००० रुपयांसाठी बारा डिक्लेरेशनांची जबाबदारी घ्यायची का?

ती जबाबदारी काय आहे ते पूर्वी तपासलेल्या एका दाव्यावरून सांगतो. माणूस धान्याचा व्यापारी होता, प्रामाणिक होता. डिक्लेरेशन त्याच्या दिवाणजीच्या हाती होतं, आणि दिवाणजी दर महिन्याला मागच्या महिन्याचाच आकडा पुढे पाठवत होता, सव्वादोन कोटी. आग लागली, ऐंशी लाखांचा माल गेला. वह्या काढल्या तेव्हा दिसलं की आगीच्या आधी ज्या महिन्याचं शेवटचं डिक्लेरेशन गेलं, त्या महिन्यात ते तीन कोटींचं जायला हवं होतं. कलम सांगतं की शेवटचं डिक्लेरेशन असायला हवं त्याहून कमी असेल तर दावा त्याच प्रमाणात कमी होतो. सव्वादोन भागिले तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के. ऐंशीचे साठ लाख झाले. त्याच्या पॉलिसीची रक्कम पाच कोटी होती, ती मालाहून कितीतरी जास्त होती, पण तिचा काही उपयोग झाला नाही. मी हिशोब करून पाहिला: त्या एका महिन्यात पंचाहत्तर लाख कमी दाखवल्याने हजारी दोनच्या दराने हप्ता १,२५० रुपयांनी कमी झाला असता. प्रत्यक्षात तेही वाचले नव्हते, कारण त्याची वार्षिक सरासरी आधीच रकमेच्या निम्म्याखाली होती आणि परतावा मर्यादेला टेकला होता. शून्य रुपयांच्या बचतीपायी वीस लाख गेले. तो दिवाणजी माझ्यासमोर रडला होता. मला ते विसरता येत नाही.

याच्या शेजारचा दुसरा नियम फारसा कुणी सांगत नाही. डिक्लेरेशन वेळेत गेलंच नाही तर त्या महिन्यासाठी पूर्ण रक्कम कळवली असं धरतात. म्हणजे न पाठवण्याची शिक्षा फक्त हप्त्यात होते, परतावा कमी होतो. चुकीचं कमी पाठवण्याची शिक्षा दाव्यात होते. एखाद्या महिन्यात वही जुळत नसेल तर अंदाजाचा आकडा रेटू नका. मी तर म्हणेन, तो महिना सोडून द्या.

समुद्री विम्यात, जिथून ही तरंगत्या रकमेची कल्पना आली, कायदा यापेक्षा मायाळू आहे. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात फ्लोटिंग पॉलिसीखालच्या घोषणेत राहून गेलेली किंवा चुकलेली नोंद, ती सचोटीने झाली असेल तर, नुकसान झाल्यावरही दुरुस्त करता येते. तुम्ही हळद निर्यात करत असाल आणि अनेक खेपांसाठीच्या एका ओपन पॉलिसीखाली माल पाठवत असाल तर ही मुभा लक्षात असू द्या. गोडाऊनमधल्या मालाला मात्र आगीच्या पॉलिसीतलं कलम लागतं, आणि त्यात अशी मुभा नाही.

कोणत्या भावाने कळवायचं, हा पुढचा प्रश्न. नियमात आधार आहे नुकसानीच्या आधीचा बाजारभाव, वेगळं ठरलं असेल तर ते. तुम्ही खरेदीच्या भावाने कळवत राहिलात आणि दावा बाजारभावाने मागितलात तर सर्व्हेअर दोन्ही कागद शेजारी ठेवणारच. तेजीच्या वर्षात ७,५०० ने कळवलेला माल १५,००० ने मागता येत नाही. म्हणून मूल्याचा आधार शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, स्पष्ट लिहून घ्या आणि त्याच आधाराने बाराही महिने कळवा. यार्डातल्या सौद्याचा त्या दिवसाचा भाव, प्रतवारीसकट, टिपून ठेवा. राजापुरी आणि सेलम एका भावात घालू नका. जो माल विकला आहे पण उचलला गेलेला नाही, त्याच्यासाठी करारातल्या किमतीचं वेगळं कलम मिळतं. तुमच्याकडे असे सौदे बरेच असतील तर ते मागून घ्या.

बँकेचं स्टॉक स्टेटमेंट हा माझ्या टेबलावरचा पहिला कागद असतो. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल घेण्याची मर्यादा, वाढावी म्हणून बँकेला माल जास्त दाखवायचा आणि हप्ता वाचावा म्हणून विमा कंपनीला कमी, ही सवय अनेक पेढ्यांत आहे. आग लागली की दोन्ही कागद एकाच फायलीत येतात. मग वहीतला माल खरा असला तरी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं. फरकाला खरं कारणही असू शकतं: ज्याचे पैसे अजून दिलेले नाहीत तो माल बँक वजा करते, विमा कंपनी करत नाही. अशा वेळी दर महिन्याला अर्ध्या पानाचं टिपण करून फाइलला लावा की फरक इतका, कारण हे. बँकेचं नाव पॉलिसीत असेल तर दाव्याचे पैसे आधी तिच्याकडे जातात, हेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

तुम्ही व्यापाराबरोबर आडतही करता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. करत असाल तर शेतकऱ्याचा, दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल तुमच्या गोडाऊनमध्ये पडून असतो. विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला परक्याचा माल पॉलिसीत मुद्दाम लिहिला नसेल तर तो धरला जात नाही. ती एक ओळ घालायला सांगा आणि त्या मालाची किंमतही रकमेत मोजा. शेतकऱ्याला त्याची पट्टी मिळायची असताना माल जळाला आणि विमा नाही म्हणून आडत्याने हात वर केले, ही वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

माल कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवत असाल, जसा तासगावकडचे लोक बेदाणा ठेवतात, तर तिथे आगीची पॉलिसी तापमान बदलल्याने खराब झालेला माल देत नाही. त्यासाठी वेगळं वाढीव कलम किंवा वेगळी पॉलिसी लागते.

रक्कम मध्येच वाढवता येते, आणि तेजीत ती वाढवावीच. फक्त हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय वाढीव जोखीम सुरू होत नाही. विमा कायद्याचं ६४ व्हीबी कलम तसं सांगतं. "उद्या चेक देतो" या भरवशावर एक रात्रही माल ठेवू नका. डिक्लेरेशन पॉलिसीत ती कमी मात्र मुळीच करता येत नाही. म्हणून सुरुवातीला भीतीपोटी आठ कोटी धरू नका. साडेपाच धरा आणि भाव चढू लागला की एंडोर्समेंट, म्हणजे वाढीव रकमेची पॉलिसीवर नोंद, करून घ्या.

आता तुमच्यासाठी माझं मत. तुमच्याकडे रोजच्या रोज आवक-जावक लिहिणारा, तिन्ही गोडाऊनांचा साठा एका वहीत आणणारा माणूस आहे का? वजनकाट्याची पावती, गेटपास आणि वही त्याच दिवशी जुळतात का? जुळत असतील आणि पुढच्या दोन वर्षांत माल दहा-पंधरा कोटींपर्यंत जाणार असेल, तर डिक्लेरेशनला अर्थ आहे, कारण तेव्हा परताव्याचा आकडाही मोठा असेल. आज तसं नसेल तर साधं फ्लोटर घ्या, साडेपाच कोटींचं, चार जागा घालून: यार्ड, कुपवाडची दोन आणि पुरासाठी मिरजेकडची एक. २२,००० रुपये गेले असं समजू नका. तेवढ्यात बारा महिने चुकीच्या आकड्याची टांगती तलवार तुमच्या डोक्यावर राहत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला पोती गुणिले त्या दिवसाचा भाव हा गुणाकार करा, आणि उत्तर पाच कोटींच्या वर गेलं की त्याच दिवशी एंडोर्समेंटचा हप्ता भरा.

एक काम याच आठवड्यात करा. कुपवाडच्या दोन्ही गोडाऊनांचे पत्ते पॉलिसीवर काय लिहिले आहेत ते भाडेकरारासमोर ठेवून वाचा. प्लॉट नंबरात फरक असेल तर कंपनीला पत्र लिहून दुरुस्त करून घ्या, आणि पोचपावतीवर शिक्का घ्या.